फी वडिलांची, वजावट कोणाची?

दर वर्षी १ मार्चला आयकर विवरणपत्राची खिडकी उघडली की आपल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मुलाच्या कॉलेजची फी कुठल्या रकान्यात टाकायची?" विचारणारे बहुधा वडील असतात, फी त्यांच्याच खात्यातून गेलेली असते, आणि उत्तर ऐकून चेहरा पडतो तोही त्यांचाच. कारण इथे असा रकाना नाही. आणि वाचकहो, गंमत म्हणजे वडिलांसाठी तसा रकाना इथे शिक्षणखर्चाची वजावट चालू होती तेव्हाही नव्हता!

असे का, हे समजून घ्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते. मी काही करसल्लागार नव्हे. पण गेल्या पन्नास वर्षांत डच सरकारने शिक्षणाच्या खर्चाचे ओझे कधी आईवडिलांच्या, कधी मुलाच्या, तर कधी स्वतःच्या खांद्यावर कसकसे फिरवले, ही कथा आपल्या मंडळींना ठाऊक असायला हवी असे मला वाटते. पुष्कळ घरांत त्यातून अजूनही चार पैसे सुटू शकतात, ते कसे हे ओघात येईलच.

आधी आपल्या मनात काय असते ते पाहू. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांचे शिक्षण 'ई.बी.सी.'च्या फॉर्मवर झाले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली ही फीमाफी सुरू झाली, आणि कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना कॉलेजचा दरवाजा उघडला. त्या फॉर्मवर सही कोणाची? पालकाची. उत्पन्नाचा दाखला कोणाचा? पालकाचा. पुढे २००५ साली प्राप्तिकर कायद्यात ८०-सी हे कलम आले, तेव्हा दोन मुलांची शिकवणी फी वजा होऊ लागली तीही पालकाच्या उत्पन्नातून (आणि ती संस्था भारतात असली तरच, हे लक्षात ठेवावे, डेल्फ्टची पावती पुण्याच्या विवरणपत्रात चालत नाही). शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठी ८०-ई होते. त्यात २००५ च्या बदलानंतर मुद्दलाची सूट गेली, पण व्याज मात्र रकमेची मर्यादा न ठेवता आठ वर्षे वजा करता येऊ लागले. शिक्षण परदेशात असले तरी चालत होते, आणि मुलासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज पालकही वजा करू शकत होते. थोडक्यात, शिक्षण हा कुटुंबाचा खर्च, आणि कुटुंबाचा कर्ता म्हणजे करदाता. हे गणित डोक्यात घेऊनच आपण स्किपोलला उतरलो.

एके काळी डच मंडळींचे गणितही फारसे वेगळे नव्हते. सत्तरच्या दशकापर्यंत इथे मुलगा विद्यापीठात गेला की सरकारची मदत मुख्यतः आईवडिलांच्या हाती येई. एक म्हणजे 'किंडरबाइस्लाख', म्हणजे बालभत्ता, जो शिकणाऱ्या मुलासाठी त्याच्या विशीतही चालू राही आणि मूल घराबाहेर राहत असेल तर वाढे. दुसरी मुलांपोटी मिळणारी आयकरातली वजावट. ही वजावट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बालभत्त्यातच विरघळवून टाकली. त्यामागचा विचार साधा होता. वजावटीचा फायदा जास्त कर भरणाऱ्याला जास्त आणि कर न भरणाऱ्याला शून्य. भत्ता मात्र सगळ्यांना सारखा. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे. हुशार पण गरीब विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती व कर्जे वेगळी होती, आणि तीही पालकांचे उत्पन्न पाहूनच.

फी मात्र त्या काळी नाममात्र होती. विद्यापीठाची वार्षिक फी वर्षानुवर्षे २०० गिल्डर्स होती. १९७२ साली उच्च शिक्षणाचे मंत्री माउक द ब्राउ यांनी ती एकदम १,००० गिल्डर्सवर नेणारा कायदा केला, आणि देशभरचे विद्यार्थी खवळले. हजारो जणांनी फी भरायलाच नकार दिला. पुढच्याच वर्षी डेन आउल यांचे सरकार आले आणि आकडा ५०० वर उतरला. आजच्या हिशेबाने ते सव्वादोनशे युरो. २०२५-२६ ची वैधानिक फी २,६०१ युरो आहे. ज्यांच्या मुलांना ती लागू होत नाही, परवान्याच्या प्रकारामुळे संस्थेने ठरवलेली पूर्ण फी भरावी लागते, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचू नये, उगाच रक्तदाब वाढायचा!

खरी कलाटणी मिळाली ती १९८६ साली. शिक्षणमंत्री विम डेटमन यांनी विद्यार्थी-अर्थसाहाय्याचा नवा कायदा आणला, आणि १ ऑक्टोबर १९८६ पासून पालकांना मिळणारा भत्ता बंद करून त्याऐवजी अठरा वर्षांवरच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात दरमहा 'बासिसबर्स' म्हणजे मूळ अनुदान जमा होऊ लागले. बाप उद्योगपती असो की ट्रामचालक, मूळ अनुदान सारखेच. त्याच्यावर पालकांच्या उत्पन्नानुसार पूरक अनुदान, आणि त्याच्यावर हवे तर कर्ज. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल प्रौढ, आणि प्रौढाशी सरकार थेट बोलणार, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याला हे थोडे उद्धट वाटते. मुलाला सरकारचे पत्र येते आणि बापाला कळतही नाही! पण दुसऱ्या बाजूने पाहा. ज्या मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवायला घरातून विरोध होता, तिच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. माझ्या मते डेटमन साहेबांच्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पैसे हातात आले तसे सरकारला त्यांची चिंताही लागली. १९९१ मध्ये विद्यार्थ्यांना बस-रेल्वेचे कार्ड दिले. १९९३ मध्ये मंत्री यो रित्झन यांनी अभ्यासाच्या गतीची अट घातली. १९९६ मध्ये 'प्रेस्टासीबर्स' आले. म्हणजे पैसे आधी कर्ज म्हणून द्यायचे, आणि ठरल्या मुदतीत पदवी मिळवली तर ते माफ करायचे. पुढे ही मुदत दहा वर्षांची झाली. आपल्या वाचकांना यात काही नवल वाटायला नको. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवले तेव्हा करारात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला, तोही परतफेडीच्या कर्जाच्या रूपाने. फुकट कोणीच देत नाही, ना संस्थानिक, ना उद्योगपती, ना डच लोकशाही.

आता आयकराकडे वळू. पालकांच्या हातून मदत काढून घेतली तरी कायद्यात शिक्षणखर्चाची एक वेगळी वजावट होती, आणि ती बरीच जुनी. १९६४ च्या आयकर कायद्यात व्यवसायासाठी घेतलेल्या शिक्षणाचा खर्च 'असाधारण भार' म्हणून वजा होई. २००१ च्या नव्या कायद्यात ती वैयक्तिक वजावटींच्या गटात आली. तिचे डच नाव 'स्खोलिंग्जआउटखाव्हन', आणि ते एका दमात म्हणता आले तर नागरिकत्वाची भाषा परीक्षा माफ करायला हरकत नाही. अट अशी की शिक्षण सध्याच्या किंवा भावी व्यवसायासाठी हवे. हौसेचा चित्रकलेचा वर्ग चालत नसे. आणि दुसरी अट, जिच्यावर आपली मंडळी नेहमी अडखळली, ती अशी की शिक्षण करदात्याचे स्वतःचे किंवा त्याच्या आर्थिक जोडीदाराचे हवे. मुलाचे नाही. मुलाची फी तुम्ही भरली असेल, अगदी दागिने मोडून भरली असेल, तरी तुमच्या विवरणपत्रात तिला जागा नाही.

जोडीदाराचे मात्र चालत होते, आणि इथे अनेक मराठी घरांना या वजावटीने मोठा हात दिला. चित्र आपल्या ओळखीचे आहे. नवरा नोकरीवर आला, बायको भारतातली चांगली नोकरी सोडून मागोमाग आली, आणि दोन वर्षे आम्स्टेलव्हेनच्या थंडीत खिडकीतून बाहेर बघून झाल्यावर तिने ठरवले की इथली पदवी घ्यायचीच. फी परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे घसघशीत. आता हिशेब पाहा. समजा २०१४ साली तिने १२,००० युरो फी भरली. त्या वर्षी पहिले २५० युरो वगळून बाकीची रक्कम वजा होत असे. उरले ११,७५०. वजावट दोघांपैकी ज्याच्या नावावर हवी त्याच्या नावावर घेता येई. नवरा ४२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर परत आले ४,९३५ युरो! घरखर्चात हा आकडा लहान नव्हे. (चार वर्षांचा ठरावीक अभ्यासकाळ सोडला तर वर्षाला १५,००० युरोंची मर्यादा असे.) २०१३ आधी उंबरठा ५०० युरोंचा होता, पण खर्चांची यादी लांब होती. २०१३ पासून उंबरठा अर्धा झाला आणि यादीही आखडली. फी आणि संस्थेने सक्तीचे केलेले साहित्य तेवढे उरले, संगणक बाहेर गेला.

आणि आईवडिलांचे काय? त्यांच्यासाठी एक छोटी फट तेव्हा शिल्लक होती. ज्या मुलासाठी बालभत्ता मिळत नाही आणि ज्याला विद्यार्थी-अनुदानाचाही हक्क नाही, अशा मुलाच्या पालनपोषणाचा भार पालक उचलत असतील तर दर तिमाहीला ठरावीक रक्कम वजा करता येई. आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलांना नागरिकत्वाच्या वा परवान्याच्या कारणाने अनुदान मिळेलच असे नसे, त्यामुळे ही फट आपल्या उपयोगाची. २०११ पर्यंत ती मुलाच्या तिसाव्या वर्षापर्यंत उघडी होती. २०१२ मध्ये ती एकविसाव्या वर्षावर आणली, आणि १ जानेवारी २०१५ ला बंदच केली. पुष्कळांना ती होती हेही ठाऊक नव्हते.

इथे डच कायद्यातली एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. आयकर कायदा म्हणतो, अठराव्या वर्षी मूल स्वतंत्र. नागरी कायदा मात्र म्हणतो की मुलाच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा खर्च एकविसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांनीच उचलायचा. पूरक अनुदान ठरवतानाही दोन वर्षांपूर्वीचे पालकांचे उत्पन्न तपासतात. म्हणजे खर्चाच्या वेळी बाप हजर, आणि सवलतीच्या वेळी गैरहजर! यावर डच शेजाऱ्याला विचारले तर तो खांदे उडवतो.

२०१५ हे साल एरवीही लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून मंत्री येट बुसेमाकर यांच्या कारकिर्दीत उच्च शिक्षणात नव्याने येणाऱ्यांचे मूळ अनुदान बंद झाले आणि त्याजागी कर्जपद्धती आली. परतफेडीला ३५ वर्षे. व्याज बरीच वर्षे शून्य टक्के होते, त्यामुळे कोणाला फारसे बोचले नाही. २०२३ साली ते ०.४६ टक्के झाले आणि २०२४ साली २.५६ टक्के, तेव्हा मात्र सगळे जागे झाले. आणि हे व्याज आयकरात वजा होत नाही. कर्ज 'बॉक्स ३' मध्ये ऋण म्हणून दाखवता येते इतकेच. शिवाय घरकर्ज मागायला गेलात की बँक या कर्जाची चौकशी करतेच. आपल्याकडच्या ८०-ई ची आठवण झाली नाही तर नवल.

अनुदान गेले, पण त्याच्या जाण्याने एक गोष्ट नकळत मोकळी झाली. अनुदानाचा हक्क असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षणखर्चाच्या वजावटीचे नियम कडक होते. आता अनुदानच नाही म्हटल्यावर २०१५ ते २०२१ मधल्या विद्यार्थ्यांना फी वजा करता येऊ लागली, अर्थात स्वतःच्या विवरणपत्रात. २०१९-२० ची फी २,०८३ युरो. २५० वगळता उरले १,८३३. पण विद्यार्थ्याला उत्पन्न कुठे असते? त्याचेही उत्तर कायद्यात होते. उत्पन्नापेक्षा वजावट जास्त झाली तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षांत नेता येते. विवरणपत्र भरायचे, आणि मग करखाते एक लेखी निर्णय पाठवते की अमुक इतकी वजावट शिल्लक आहे. मुलाला नोकरी लागली की ती वापरायची. चार वर्षांची फी साठवली तर सहासात हजारांची वजावट, म्हणजे ३७ टक्क्यांच्या दराने अडीच हजार युरोंच्या आसपास.

मात्र त्यात एक खाचही होती. मुलगा सुपरमार्केटात फळ्या भरून वर्षाला सातआठ हजार कमावत असेल, तर वजावट आधी त्या उत्पन्नातून खर्ची पडे. त्या उत्पन्नावर करसवलतींमुळे तसाही कर शून्यच. म्हणजे वजावट वापरली गेली आणि हाती काही लागले नाही. एक पैसाही न कमावणाऱ्या विद्यार्थ्याची वजावट पुरती शिल्लक राही, आणि कष्ट करणाऱ्याची वाहून जाई. सत्तरच्या दशकात मुलांच्या वजावटीवर जो आक्षेप होता तोच इथे पुन्हा उभा राहिला. सरकारी मूल्यमापनातही हेच पुढे आले की या सवलतीचा लाभ बराचसा आधीच शिकलेल्या आणि तसेही शिकणारच असलेल्या लोकांना होतो. अखेर १ जानेवारी २०२२ पासून ती बंद झाली.

तिच्या जागी १ मार्च २०२२ ला 'स्टाप' नावाची योजना आली. नोकरदार असो वा बेकार, वर्षाला जास्तीत जास्त १,००० युरोंचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने. कल्पना सुरेख, पण संकेतस्थळ उघडताच लोकांची झुंबड उडे आणि पैसे पाहता पाहता संपत. १ जानेवारी २०२४ ला ती योजनाही गेली. अर्ध्या शतकाहून जुनी वजावट काढून आणलेली योजना दोन वर्षेही टिकली नाही, हा सौदा काही मला पटलेला नाही.

मूळ अनुदान मात्र परतले. मंत्री रॉबर्ट डाइकख्राफ यांच्या काळात १ सप्टेंबर २०२३ पासून ते पुन्हा सुरू झाले. पहिल्या वर्षी घराबाहेर राहणाऱ्याला तात्पुरत्या वाढीसह दरमहा ४३९ युरो आणि घरी राहणाऱ्याला ११० युरोंच्या आसपास. मधल्या आठ वर्षांत शिकलेल्यांना इथे 'पेखखेनरासी', म्हणजे कमनशिबी पिढी म्हणतात. त्यांना भरपाई मिळाली ती अभ्यासाच्या दर महिन्यामागे २९.९२ युरो, चार वर्षांचे मिळून १,४३६. आपल्या मंडळाच्या बालनाट्यात २००५ च्या सुमारास माकड आणि ससा झालेली मुले ती हीच.

म्हणून या मुलांच्या आईवडिलांना माझे सांगणे आहे की जुने कागद फेकू नका. २०१५ ते २०२१ दरम्यान मुलाने विवरणपत्र भरून शिल्लक वजावटीचा निर्णय मिळवला असेल, तर ती शिल्लक सवलत बंद झाल्यावरही पुढच्या विवरणपत्रांत वापरता येते. विवरणपत्र भरलेच नसेल तर पाच वर्षे मागे जाता येते; २०२१ सालासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ अशी आहे. शिवाय ज्याने जुने प्रेस्टासीबर्स घेतले पण मुदतीत पदवी न मिळाल्याने ते कर्जच राहिले, त्याच्यासाठी २०२२ नंतरही एक अपवाद कायद्यात ठेवलेला आहे. स्वतः नोकरी करता करता शिकणाऱ्यांनी आधी मालकाकडे जावे, कारण व्यवसायाला लागणाऱ्या शिक्षणाचा खर्च मालक करमुक्त देऊ शकतो. स्वतंत्र व्यावसायिक आपले ज्ञान ताजे ठेवण्याचा खर्च धंद्याच्या खर्चात धरू शकतो. आणि मूल लंडन-अमेरिकेला निघाले असेल, शिक्षणाचा खर्च वर्षाला किमान २०,००० युरो असेल, तर आईवडिलांना एकदाच मोठी रक्कम देणगी-कराशिवाय देता येते. त्यासाठी मूल १८ ते ४० वर्षांचे हवे आणि नोटरीचा दस्त लागतो.

ग्रोनिंगनला रेल्वेने जाल तेव्हा लाटालाटांची एक उंच पांढरी इमारत दिसेल. २०११ मध्ये उघडलेल्या या इमारतीत विद्यार्थ्यांना पैसे देणारे 'दुओ' आणि आपल्याकडून कर घेणारे करखाते शेजारी शेजारी बसतात. तिथून येणाऱ्या दोन्ही पत्रांवर अठराव्या वाढदिवसानंतर मुलाचेच नाव असते, आणि ती उघडायला त्याचाच 'डिजि-डी' लागतो. तेव्हा शिल्लक वजावटीचा कागद शोधायला पोटमाळ्यावर चढण्याआधी मुलाला फोन करा. तो कागद बहुधा त्याच्या खात्यात आहे, आणि त्याने तो अजून उघडलेला नाही.